सूचना कोणाची, निर्णय कोणाचा? नवं नाटक 'घडवणाऱ्या' उपक्रमांवर संशोधन करताना

आजचा विषय नाट्यशास्त्र, मराठी किंवा परफॉर्मन्स स्टडीज घेऊन पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांसाठी आहे. पण तुमचा विषय वेगळा असला तरी वाचा. संशोधनाचा प्रश्न कसा घासून घ्यायचा, हे यातून कुठल्याही विषयाला लागू पडेल असं वाटतं.

तरुण नाटककाराची निवड करायची, त्याला एक अनुभवी मार्गदर्शक द्यायचा, काही महिने त्याच्या नव्या नाटकावर काम करायचं आणि शेवटी त्याचं जाहीर वाचन किंवा प्रयोग करायचा. अशा उपक्रमांवर संशोधन करावंसं वाटणारे बरेच जण भेटतात. विषय उत्तम आहे. नाटक लिहिलं जाताना पाहायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. अडचण सुरू होते ती सिनॉप्सिसमधल्या 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली. तिथे हमखास एक वाक्य येतं: 'सदर उपक्रमामुळे नाट्यसंहितेचा दर्जा सुधारला का, हे तपासणे.'

वाचायला बरं वाटतं. पण या वाक्यावर तीन-चार वर्षं काढता येणार नाहीत. का, ते आधी पाहू.

'दर्जा सुधारला का?' हा प्रश्न कुठे अडतो

पहिली अडचण सरळ आहे. दर्जा कोण ठरवणार? तुम्ही ठरवलात तर ते समीक्षण झालं. मार्गदर्शकाने ठरवला तर तो स्वतःच्याच कामाला मार्क देतोय. प्रेक्षकांवर सोडलं तर त्यांनी फक्त शेवटचा खर्डा ऐकलाय, पहिला ऐकलेलाच नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. उपक्रमात न गेलेलं तेच नाटक जगात कुठेच नसतं. औषधाच्या चाचणीत एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत आणि मग तुलना करतात. इथे एकच नाटककार, एकच नाटक. मार्गदर्शन मिळालं नसतं तर त्याने ते अजून चांगलं लिहिलं असतं, की अर्धवट टाकून दिलं असतं, हे कळायला मार्ग नाही.

तिसरी गोष्ट. 'सुधारणा' हा शब्द आधीच गृहीत धरतो की पहिल्या खर्ड्यात काहीतरी बिघडलेलं होतं. पण नव्या नाटककाराच्या लिखाणात जे विचित्र, ओबडधोबड वाटतं, तेच कधीकधी त्याचं नवेपण असतं. ते गुळगुळीत झालं तर नाटक सुधारलं म्हणायचं की हरवलं?

म्हणून मी एक वेगळा प्रश्न सुचवते: सूचना कोणाची होती, निर्णय कोणाचा होता, आणि नाटककाराला 'नाही' म्हणता येत होतं का? हा प्रश्न तपासता येतो. त्याला पुरावे मिळतात. दोन खऱ्या उदाहरणांवर तो लावून पाहू. त्याआधी या उपक्रमांचं काम कसं चालतं, ते थोडक्यात.

नाटक 'डेव्हलप' करतात म्हणजे नेमकं काय करतात?

आपल्याकडे नाटकाचं वाचन ही जुनी पद्धत आहे. नाटककार निर्मात्यासमोर, दिग्दर्शकासमोर किंवा संस्थेच्या मंडळींसमोर नाटक वाचतो, आणि मग ठरतं की करायचं की नाही. त्या वाचनातून निवड होते. डेव्हलपमेंटच्या वाचनात निवड आधीच झालेली असते. वाचन होतं ते पुन्हा काय लिहायचं हे कळावं म्हणून.

साधारण टप्पे असे असतात. आलेल्या संहितांमधून निवड. मार्गदर्शकाशी एकेकट्याने बोलणी. नटांना घेऊन टेबलाभोवती बसून पहिलं वाचन. पुनर्लेखन. थोड्या तालमी करून, हातात संहिता धरूनच निमंत्रितांसमोर सादर केलेलं वाचन. त्यावर चर्चा. पुन्हा पुनर्लेखन. आणि नशिबात असेल तर पूर्ण निर्मिती.

या पद्धतीची दोन मोठी घरं इंग्रजी रंगभूमीवर आहेत. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये १९५६ साली जॉर्ज डिव्हाइन यांच्या इंग्लिश स्टेज कंपनीने नव्या नाटककारांचं थिएटर सुरू केलं आणि १९५८ मध्ये तिथे लेखकांचा एक गट बसू लागला. एडवर्ड बाँड, आर्नोल्ड वेस्कर, अ‍ॅन जेलिको, वोले शोयिंका ही मंडळी त्यात होती. कीथ जॉन्स्टन यांनी त्या गटात एक गमतीशीर नियम आणला: जे करून दाखवता येतं त्यावर चर्चा करायची नाही. म्हणजे कुणी म्हणालं की हा प्रसंग जमत नाही, तर उठायचं आणि तो करून पाहायचा. मार्गदर्शन म्हणजे बसून नोट्स देणं, असं समीकरण आपल्या डोक्यात असतं. या गटाने ते सुरुवातीलाच मोडलं होतं.

दुसरं घर अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या वॉटरफर्ड गावी. युजीन ओनील थिएटर सेंटर तिथे १९६४ मध्ये जॉर्ज व्हाइट यांनी स्थापन केलं. तिथली उन्हाळ्यातली नाटककार परिषद लॉइड रिचर्ड्स यांनी १९६८ पासून तीन दशकं चालवली. पूर्ण नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, हलवता येतील असे साधे ठोकळे, हातात संहिता घेतलेले नट, थोड्या दिवसांच्या तालमी आणि दोन सादरीकरणं. या सगळ्यात महत्त्वाची वेळ दोन सादरीकरणांच्या मधली, कारण तेव्हा नाटककार बदल करू शकतो आणि दुसऱ्या दिवशी ते बदल नटांच्या तोंडून ऐकू शकतो.

उदाहरण एक: ऑगस्ट विल्सन

ऑगस्ट विल्सन हे आफ्रिकन अमेरिकन नाटककार. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये वाढले, शाळा अर्ध्यावर सोडली, आधी कविता लिहायचे. १९८० मध्ये 'जिटनी' या नाटकामुळे त्यांना मिनियापोलिसच्या प्लेराइट्स सेंटरची जेरोम फेलोशिप मिळाली. तेच 'जिटनी' ओनील सेंटरने मात्र नाकारलं. १९८२ मध्ये त्यांचं 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' तिथे निवडलं गेलं, आणि लॉइड रिचर्ड्स यांच्याशी त्यांची गाठ पडली. रिचर्ड्स तेव्हा येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाचे डीन आणि येल रेपर्टरी थिएटरचे कलादिग्दर्शकही होते. 'मा रेनी' १९८४ मध्ये आधी येलला आणि त्याच वर्षी ब्रॉडवेला आलं. १९९६ च्या 'सेव्हन गिटार्स'पर्यंत विल्सन यांची सहा नाटकं ब्रॉडवेवर रिचर्ड्स यांनीच बसवली.

ही गोष्ट साधारणपणे 'गुरू भेटला आणि शिष्य घडला' अशी सांगितली जाते. संशोधक म्हणून आपण जरा थांबायला हवं. 'मा रेनी'मध्ये वर रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे आणि खाली वादकांची तालमीची खोली. मुळात विल्सन यांनी हे नाटक १९७६ च्या सुमारास सुरू केलं तेव्हा त्यात फक्त स्टुडिओ होता. वादकांची खोली, म्हणजे नाटकाचं काळीजच म्हणा, पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वतः घातली, आणि तीही ओनील सेंटरला जायच्या आधी. कालक्रम नीट लावला की श्रेयाची वाटणी बदलते. सगळ्यात मोठा बदल मार्गदर्शक भेटायच्या आधीच झालेला होता.

मग ओनील सेंटरने दिलं काय? 'फेन्सेस' या नाटकाचा प्रवास पाहा. १९८३ मध्ये तिथे त्याचं पहिलं सादरीकरण चार तासांहून जास्त चाललं. चार तासांचं नाटक कागदावर वाचताना लेखकाला त्याची लांबी कळत नाही. ती कळते समोर बसलेल्या माणसांच्या हालचालीतून, नटाच्या थकलेल्या आवाजातून. 'कापा' हे तिथे कुणी न सांगताही ऐकू येतं. म्हणजे इथे सूचना देणारा फक्त मार्गदर्शक नव्हता. सादरीकरणाची सगळी रचनाच सूचना देत होती, आणि कात्री लेखकाच्या हातात होती.

पुढे १९८७ मध्ये 'फेन्सेस' ब्रॉडवेवर येण्याआधी व्यावसायिक निर्मितीच्या बाजूने शेवट बदलण्याचा आग्रह झाला. नाटकाच्या शेवटी गेब्रिएल हे पात्र तुतारी फुंकायला जातं आणि तुतारीतून सूरच निघत नाही. विल्सन यांनी हा शेवट बदलला नाही. नाटक तसंच उभं राहिलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. पण बक्षिसापेक्षा आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. ज्या लेखकाने आधी बराच मजकूर काढायची तयारी दाखवली, तोच लेखक शेवटापाशी ठाम उभा राहिला. कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे त्याला माहीत होतं, आणि दिग्दर्शक रिचर्ड्स त्याच्या बाजूला उभे होते. मार्गदर्शनाचा परिणाम मोजायचाच असेल तर तो इथे मोजता येईल: नकार देण्याची क्षमता लेखकात आली का, आणि तो नकार टिकेल अशी जागा त्याला मिळाली का.

उदाहरण दोन: अँड्रिया डनबार

आता दुसरं टोक. अँड्रिया डनबार ही इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बटरशॉ या कामगार वस्तीतली मुलगी. शाळेत असताना, पंधराव्या वर्षी, तिने 'द आर्बर' हे नाटक लिहायला घेतलं. गरोदर राहिलेली शाळकरी मुलगी, दारुडा बाप, वस्तीची भाषा जशीच्या तशी. ते रॉयल कोर्टच्या तरुण लेखकांच्या महोत्सवाकडे पोचलं आणि १९८० मध्ये दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क यांनी ते तिथे बसवलं. आधी वरच्या छोट्या थिएटरात, एकांकिकेसारख्या आकारात. मग ते वाढवून त्याच वर्षी खालच्या मुख्य रंगमंचावर. डनबार तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती.

इथे मार्गदर्शनाने 'कापा' म्हटलं नाही, 'वाढवा' म्हटलं. संशोधकाचा प्रश्न लगेच उभा राहतो: वाढवायची गरज कुणाची होती? नाटकाची, लेखिकेची, की मुख्य रंगमंचावर पूर्ण संध्याकाळ भरायला लागणाऱ्या लांबीची? तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. आपलं काम त्यांतलं एक निवडायचं नाही. कुठल्या पानावर कुठली गरज दिसते, ते शोधायचं.

तिचं पुढचं नाटक 'रिटा, सू अँड बॉब टू' १९८२ मध्ये त्याच थिएटरने केलं. १९८७ मध्ये त्यावर आणि 'द आर्बर'वर बेतलेला सिनेमा आला. सिनेमाचा शेवट नाटकापेक्षा हलकाफुलका केला गेला, दुसऱ्यांचं लेखन त्यात आलं, आणि डनबारने त्याच्याशी नातं तोडलं. विल्सन यांचा शेवट टिकला, डनबारचा टिकला नाही. दोघांच्या प्रतिभेची तुलना इथे कामाची नाही. एक चाळिशीतला अनुभवी लेखक, ज्याच्यामागे एक संस्था आणि दिग्दर्शक उभे होते. दुसरी विशीतली आई, जी रोजचा दिवस ढकलण्यासाठी झगडत होती, आणि सिनेमाचा व्यवहार तर नाट्यसंस्थेच्या आवाक्याबाहेरचाच होता. 'नाही' म्हणायला किंमत लागते. ती सगळ्यांना परवडत नाही.

डनबार १९९० मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. नंतर तिच्या वस्तीवर आणि कुटुंबावर इतरांनी नाटक केलं, सिनेमा केला. २०१० चा क्लिओ बर्नार्ड यांचा 'द आर्बर' तर तिच्या मुलींच्या आयुष्यापर्यंत जातो. तरुण लेखिकेचा 'अस्सल' आवाज शोधणारा उपक्रम त्या आवाजाच्या मागच्या माणसाची जबाबदारी कुठपर्यंत घेतो? हा प्रश्न सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याइतका खरा आहे.

पुरावा कुठे मिळतो? तीन जागा

प्रश्न ठरला की पुराव्याकडे वळायचं. माझ्या समजुतीप्रमाणे तीन जागा आहेत, आणि तिन्हींची सांगड घातल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पहिली जागा खर्डे. एकाच नाटकाचे वेगवेगळे खर्डे शेजारी ठेवून वाचायच्या पद्धतीला 'जेनेटिक क्रिटिसिझम' म्हणतात. ती फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात उभी राहिली. तिच्यात अंतिम संहिता हे एकमेव सत्य मानत नाहीत. खोडलेली ओळ, हललेला प्रवेश, गळालेलं पात्र, हे सगळं वाचायचा मजकूर असतो. विल्सन यांचे कागद आज पिट्सबर्ग विद्यापीठाकडे आहेत, त्यामुळे असं काम तिथे करता येतं. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने नाटकांची सेन्सॉरशिप गेली, पण नव्या नाटकाची सादर झालेली संहिता ब्रिटिश लायब्ररीकडे जमा करायची तरतूद त्याच कायद्यात आहे.

दुसरी जागा नोट्स. मार्गदर्शकाने समासात लिहिलेलं, ईमेल, आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज. दोन खर्डे शेजारी ठेवले की काय बदललं ते कळतं. का बदललं, ते नोट्सशिवाय कळत नाही. बदल सूचनेनंतर झाला म्हणून सूचनेमुळेच झाला, असंही नाही. नाटककाराने तो आधीच ठरवलेला असू शकतो. म्हणून तारखा जपा.

तिसरी जागा खोली. म्हणजे वाचन आणि चर्चा चालू असते ती प्रत्यक्ष खोली. कोण आधी बोललं, नाटककार किती वेळ गप्प होता, कुठल्या सूचनेवर तो हसला आणि कुठल्या सूचनेवर वहीत काहीच लिहिलं नाही. हे फक्त तिथे बसून, फील्ड नोट्स घेऊनच मिळतं.

खोलीत काय ऐकायचं?

चर्चेचं निरीक्षण करायला एक तयार चौकट हवी असेल तर नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची 'क्रिटिकल रिस्पॉन्स प्रोसेस' वापरून पाहा. तिचे चार टप्पे आहेत. आधी ऐकणाऱ्यांनी सांगायचं की त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकाराने स्वतः प्रश्न विचारायचे. मग ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण मत न दडवलेले. आणि शेवटी मत द्यायचं, तेही कलाकाराची परवानगी घेऊन.

तिसरा टप्पा ऐकायला सोपा, करायला महाकठीण. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, नाटकात आई शेवटच्या प्रवेशात काहीच बोलत नाही.

'आई इतकी गप्प का ठेवलीस?' हा प्रश्न दिसतो, पण आहे आक्षेप. 'आईने बोलायला हवं होतं' हे मत त्यात आधीच बसलंय.

'आईच्या गप्प बसण्याकडे प्रेक्षकाने कसं पाहावं असं तुला वाटतं?' हा खरा प्रश्न. याचं उत्तर देताना नाटककाराला स्वतःच कळू शकतं की आपण ती शांतता ठरवून ठेवली होती, की तिथे लिहायला काही सुचलं नव्हतं.

आता तुमच्या नोंदवहीत दोन रकाने करा: आक्षेप असलेले प्रश्न आणि खरे प्रश्न. त्यापुढे तिसरा रकाना: पुढच्या खर्ड्यात त्या जागी काय झालं. कुठल्या प्रकारच्या प्रश्नानंतर नाटककाराने सांगितलेलाच बदल केला आणि कुठल्या प्रश्नानंतर कुणालाच न सुचलेलं काही लिहिलं, हे दिसायला लागेल. प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील इतका मजकूर यातून निघतो.

आपल्याकडे हे काम कुठे करता येईल?

मराठीत सामग्रीची वाण नाही, मांडणीची आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककार विकास योजना आणि त्याचबरोबर प्रादेशिक नाट्यसंस्थांसाठीची योजना राबवली. सतीश आळेकर यांनी त्यांचं संयोजन केलं. नाटककाराला घडवायचं तर गावोगावच्या संस्थांनाही बळ द्यायला हवं, ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. कारण नाटककार तयार झाला आणि त्याचं नाटक करायला गावात संस्थाच नसेल, तर खर्डा कपाटातच राहतो.

मुंबईत रेज या संस्थेने रॉयल कोर्टबरोबर 'रायटर्स ब्लॉक' हा उपक्रम केला. त्याचा पहिला महोत्सव २००४ मध्ये झाला. रॉयल कोर्टशी जोडल्या गेलेल्या चेन्नईच्या अनुपमा चंद्रशेखर यांचं 'फ्री आउटगोइंग' २००७ मध्ये थेट लंडनला रॉयल कोर्टमध्ये सादर झालं. इथे आपला प्रश्न आणखी टोकदार होतो. परदेशी संस्थेचा मार्गदर्शक भारतीय नाटककाराला 'हे जरा स्पष्ट कर' म्हणतो, तेव्हा ते कुणाला स्पष्ट व्हायला हवं असतं? शिवाजी पार्कातल्या प्रेक्षकाला की लंडनमधल्या?

आणि औपचारिक उपक्रमांपलीकडे आपली एकांकिका स्पर्धा आहेच. महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून कॉलेजच्या पोरांना लिहितं करतोय. तिथे 'मार्गदर्शक' असं पद नसतं. सीनियर असतो, माजी विद्यार्थी असतो, तालमीला येऊन बसणारा कुणी दादा किंवा ताई असते. प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी यांच्यामधले दिवस म्हणजे आपल्या पद्धतीचं वॉटरफर्डच. परीक्षकांचे चार शब्द ऐकून रात्रीत शेवट बदललेल्या एकांकिका तुमच्याही ऐकण्यात असतील. हे मार्गदर्शन कुठल्याच कागदावर नोंदलेलं नाही, म्हणूनच ते संशोधनाला मोकळं आहे.

शिवाय महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक नाटकाचा एक तारीख असलेला खर्डा तयार होतोच. नाटककाराकडे असलेली त्याची प्रत मागा आणि रंगमंचावर जे झालं त्याच्याशी ताडून पाहा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली परवानगीची. मराठी नाट्यक्षेत्र लहान आहे. तुम्ही प्रबंधात 'नाटककार क' असं लिहिलंत तरी दोन वाक्यांत सगळ्यांना कळतं की हा कोण. आणि ज्या मार्गदर्शकाबद्दल तो बोलणार आहे, तोच उद्या त्याच्या अनुदानाच्या समितीवर किंवा स्पर्धेच्या परीक्षकांत बसू शकतो. त्यामुळे पहिल्या मुलाखतीत 'सरांनी खूप शिकवलं' एवढंच हाती आलं, तर ते खोटं समजू नका आणि पूर्णही समजू नका. परवानगी एकदाच सही घेऊन संपवू नका. उतारा तयार झाला की त्यांना परत दाखवा आणि काढून टाकायचा हक्क द्या. तुमच्या संशोधनातही 'नाही' म्हणायची जागा असायला हवी, नाहीतर जे तुम्ही तपासताय तेच तुम्ही करताय.

दुसरी सावधगिरी यशस्वी उदाहरणांची. आपण विल्सन यांच्याबद्दल बोलतो, कारण ते पुढे गेले. पण त्यांचंच 'जिटनी' ओनील सेंटरने नाकारलं होतं आणि ते नाटक पुढे मोठं ठरलं. ज्यांची निवडच झाली नाही, जे दुसऱ्या खर्ड्यानंतर सोडून गेले, ज्यांची चार वाचनं झाली आणि प्रयोग एकही झाला नाही, ते उपक्रमांच्या स्मरणिकेत दिसत नाहीत. अमेरिकेत २००९ मध्ये आलेल्या 'आउटरेजियस फॉर्च्यून' या अभ्यासाने नेमकी ही दुखरी जागा दाखवली: नाटकं विकसित होत राहतात, निर्मितीपर्यंत पोचतातच असं नाही. म्हणून उपक्रमाची यादी मागताना निवडलेल्यांबरोबर अर्ज केलेल्यांची आणि अर्धवट राहिलेल्यांचीही मागा. दिली नाही, तर तेही नोंदवा.

मग उद्दिष्ट कसं लिहायचं?

सुरुवातीच्या वाक्याकडे परत येऊ. 'सदर उपक्रमामुळे नाट्यसंहितेचा दर्जा सुधारला का, हे तपासणे' याच्या जागी असं काही लिहून पाहा:

१. निवडक तीन नाटकांच्या सर्व उपलब्ध खर्ड्यांमधले बदल कालानुक्रमे नोंदवणे.

२. त्यांपैकी कोणते बदल कुणाच्या सूचनेनंतर झाले, कोणते नाटककाराने स्वतःहून केले आणि कोणत्या सूचना नाकारल्या गेल्या, याचं वर्गीकरण करणे.

३. नाकारलेल्या सूचनांचा नाटककाराच्या उपक्रमातल्या स्थानावर आणि नाटकाच्या पुढच्या वाटचालीवर काय परिणाम झाला, हे मुलाखती व निरीक्षणातून समजून घेणे.

दुसऱ्या उद्दिष्टातले 'नाकारल्या गेलेल्या सूचना' हे शब्द मुद्दाम घातलेत. सगळ्यांचं लक्ष स्वीकारलेल्या सूचनांकडे जातं, कारण त्या खर्ड्यात दिसतात. नाकारलेली सूचना कुठेच दिसत नाही, ती विचारूनच काढावी लागते. पण नाटककाराला आपलं नाटक कशाबद्दल आहे हे ज्या क्षणी कळलं, तो क्षण बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

तीन नाटकं कमी वाटतील. वाटू द्या. तीन नाटकांचे पाच-पाच खर्डे म्हणजे पंधरा संहिता, त्यांच्या नोट्स, आणि किमान डझनभर मुलाखती. एका माणसाला तीन वर्षं पुरेल एवढं काम आहे.

आणि आजपासून करता येईल असं एक काम. तुमच्या ओळखीत नाटक लिहिणारं कुणी असेल, तर त्यांना सांगा की जुने खर्डे डिलीट करू नका. 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' अशा नावांच्या त्या फायली तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि मार्गदर्शकांचे व्हॉइस मेसेज फोन बदलण्याआधी उतरवून घ्या. पाच वर्षांनी तुमच्यापैकीच कुणीतरी ते फोल्डर मागायला येणार आहे.